जलांतर्गत यंत्रमानव व सदृशीकरण

जलांतर्गत यंत्रमानव व सदृशीकरण : पाण्याखाली जाऊन निरीक्षण, मोजमाप वा हाताळणी करणाऱ्या मानवरहित यंत्रास जलांतर्गत यंत्रमानव किंवा रोबॉट म्हणतात. अशा यंत्राची हालचाल, त्याचे संवेदक आणि त्याच्याभोवतीचे पाणी यांचे गणितीय प्रतिरूप तयार करून ते संगणकावर चालवून पाहणे म्हणजे सदृशीकरण होय. प्रत्यक्ष यंत्र पाण्यात सोडणे खर्चाचे व धोक्याचे असते. एखादी चूक झाल्यास यंत्र तळाशी जाऊन कायमचे गमावण्याचा संभव असतो. म्हणून या विषयातील पदव्युत्तर संशोधनाचा फार मोठा भाग प्रथम सदृशीकरणात, नंतर हौदात आणि शेवटी तलावात किंवा समुद्रात पार पाडला जातो. महाराष्ट्रासारख्या धरणबहुल राज्यात समुद्रविज्ञानाइतकेच जलाशयांच्या व धरणांच्या तपासणीच्या दृष्टीनेही या विषयास महत्त्व आहे.

प्रकार : या यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील यंत्र केबलने काठाशी किंवा होडीशी जोडलेले असते. केबलमधून त्यास विद्युत् शक्ती व आज्ञा मिळतात आणि त्याने टिपलेली चित्रे वर बसलेल्या चालकास त्याच क्षणी दिसतात. दुसऱ्या प्रकारातील यंत्र स्वायत्त असते. त्यात विद्युत् घटमाला व संगणक बसविलेले असून ते अगोदर भरलेल्या आज्ञावलीनुसार स्वतःच मार्गक्रमण करते. केबलयुक्त यंत्र एका जागी थांबून बारकाईने पाहण्यास सोयीचे असते, तर स्वायत्त यंत्र विस्तृत क्षेत्राचे सर्वेक्षण करण्यास उपयुक्त ठरते. केबल बुडालेल्या झाडांत वा लोखंडी जाळ्यांत अडकणे हा पहिल्या प्रकाराचा, तर संपर्क तुटलेला असताना चुकीचा निर्णय घेतला जाणे हा दुसऱ्या प्रकाराचा मोठा दोष होय.

इतिहास : १९५३ मध्ये दिमित्री रेबिकॉफ यांनी ‘पूडल’ हे केबलने चालविले जाणारे यंत्र बनविले. स्वायत्त यंत्रांचा आरंभ अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात १९५७ मध्ये विकसित होऊ लागलेल्या ‘स्पर्व्ह’ या यंत्रापासून मानतात. १९६६ मध्ये स्पेनमधील पालोमारेस गावाजवळ विमान अपघातात समुद्रात पडलेला हायड्रोजन बाँब अमेरिकन नौदलाच्या ‘कर्व्ह’ या यंत्राच्या साहाय्याने सु. ८७० मी. खोलीवरून वर काढण्यात आला आणि या यंत्रांची उपयुक्तता सर्वांच्या लक्षात आली. १९७३ मध्ये आयर्लंडनजीक समुद्रतळावर अडकलेल्या ‘पायसीस-३’ या लहान पाणबुडीतील दोघांची सुटका करण्यातही याच मालिकेतील यंत्राचा उपयोग झाला. त्यानंतर समुद्रातील खनिज तेलाच्या उद्योगामुळे केबलयुक्त यंत्रांचा प्रसार झपाट्याने झाला.

भारतात चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने रशियन संस्थेच्या सहकार्याने ‘रोसब ६०००’ हे केबलयुक्त यंत्र विकसित केले व २०१० मध्ये ते हिंदी महासागरात ५,२८९ मी. खोलीपर्यंत उतरविले. मराठी वाचकांच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एल्गर देसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘माया’ हे लहान स्वायत्त यंत्र तयार केले. या कामी पोर्तुगालमधील लिस्बनच्या इन्स्टिट्यूटो सुपीरियर टेक्निको या संस्थेतील संशोधकांचे सहकार्य लाभले. सु. १·८ मी. लांब व सु. ५५ किग्रॅ. वजनाचे हे यंत्र २०० मी. खोलीपर्यंत जाण्याच्या दृष्टीने रचलेले आहे. त्याच्या चाचण्या समुद्राबरोबरच गोव्यातील आमठाणे धरणाच्या जलाशयात व केरळमधील इडुक्की जलाशयातही घेण्यात आल्या. समुद्रासाठी बनविलेले यंत्र प्रथम जलाशयात पारखून घेण्याची ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. कारण जलाशयात लाटा व भरती-ओहोटी नसतात आणि हरवलेल्या यंत्राचा शोध घेणे सुलभ असते.

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ या नावाने स्वायत्त यंत्रांची मालिका बनविली असून अमेरिकेत होणाऱ्या ‘रोबोसब’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत त्यांनी भाग घेतला आहे. अशा स्पर्धांत यंत्राला तरणतलावात कोणाच्याही मदतीविना चौकटीतून पार होणे, रंगीत खुणा ओळखणे, ध्वनीच्या उगमाकडे जाणे यांसारखी कामे करावी लागतात.

पाण्याखालील अडचणी : जमिनीवरील किंवा हवेतील यंत्रमानवास सहज मिळणाऱ्या अनेक सोयी पाण्याखाली मिळत नाहीत. उपग्रहांकडून येणारे स्थाननिश्चितीचे रेडिओ संदेश पाण्यात शिरताच क्षीण होतात. त्यामुळे बुडी मारल्यानंतर आपण कोठे आहोत हे यंत्रास बाहेरून कळत नाही. दूरवरच्या संदेशवहनासाठी ध्वनी हेच साधन उरते. पाण्यातील ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. १,५०० मी. असल्याने दीड किलोमीटरवरील यंत्रापर्यंत आज्ञा पोहोचण्यास एक सेकंद लागतो आणि उत्तर येण्यास आणखी एक. शिवाय ध्वनीद्वारे फारच थोडी माहिती पाठविता येते. हलती चित्रे पाठविणे बहुधा शक्य होत नाही.

प्रकाशाचीही मर्यादा आहे. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. पाण्यात गाळ असल्यास यंत्राच्या दिव्याचा प्रकाश गाळाच्या कणांवरून परत फिरतो व धुक्यात मोटारीचे दिवे लावल्यावर जसे समोर पांढरेच दिसते तसे चित्र कॅमेऱ्यात उमटते. यासाठी दिवे कॅमेऱ्यापासून दूर व तिरपे बसवितात. फारच गढूळ पाण्यात कॅमेऱ्याऐवजी सोनार, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून आकृती रेखाटणारे साधन, वापरावे लागते. सोनारला गाळातून दिसते, पण केसासारखी बारीक भेग त्यास दिसत नाही.

खोलीबरोबर दाबही वाढतो. दर १० मीटरांस दाब सु. १ वातावरणाने वाढत असल्याने ८० मी. खोलीवर १० सेंमी. व्यासाच्या काचेवर सु. ६३० किग्रॅ. भार येतो. पाणबुड्या माणसाच्या दृष्टीने तर ही खोली विशेषच घातक असते. साधी संपीडित हवा घेऊन सु. ५० मी. पलीकडे काम करणे सुरक्षित मानले जात नाही आणि वर येताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यासाठी टप्प्याटप्प्याने थांबावे लागते.

गतीचे गणित : पाण्यातील यंत्रास सहा प्रकारे हालता येते : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे व वर-खाली सरकणे आणि या तीन अक्षांभोवती वळणे. नॉर्वेजियन अभियंते थोर फॉसेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सहाही गतींची समीकरणे एकत्रित सारणीरूपात मांडली व ती पुढे या क्षेत्रात प्रमाण मानली गेली. त्यांतील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

(१) वजन व उत्प्लावक बल : ही दोन्ही जवळजवळ समान ठेवतात, म्हणजे यंत्र पाण्यात अधांतरी राहते. उत्प्लावन केंद्र गुरुत्वमध्याच्या वर असल्यास कललेले यंत्र आपोआप सरळ होते. समुद्रासाठी तोललेले यंत्र जलाशयात तसेच सोडता येत नाही. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सु. अडीच टक्के अधिक असते. त्यामुळे समुद्रात अधांतरी राहणारे ५५ किग्रॅ. वजनाचे यंत्र गोड्या पाण्यात सु. १·३ किग्रॅ. जड ठरून बुडू लागते.

(२) आनुषंगिक वस्तुमान : यंत्राला वेग देताना भोवतालच्या पाण्यालाही वेग द्यावा लागतो, म्हणून यंत्र खऱ्या वजनापेक्षा जड असल्याप्रमाणे वागते. आदर्श द्रवातील गोलाच्या बाबतीत ही वाढ त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वस्तुमानाच्या निम्मी असते. हवेत हा परिणाम नगण्य असतो. पाण्यात तो वगळल्यास संपूर्ण गणित चुकते.

(३) ओढ : गतीला होणारा पाण्याचा विरोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केल्यास विरोध चौपट व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. घटमालेवर चालणारी यंत्रे सावकाश चालविण्याचे कारण हेच होय.

(४) पंख्यांचे प्रेरक बल, केबलचा ताण व प्रवाह : केबल जितकी लांब सोडावी तितकी तिची ओढ वाढते. पुष्कळदा यंत्रापेक्षा केबलवरील पाण्याचा विरोधच अधिक भरतो.

स्थाननिश्चिती : उपग्रहांचे साहाय्य नसल्याने यंत्र आपले स्थान हिशोबाने काढते. खोली दाबमापकाने कळते. वळण घूर्णीने व होकायंत्राने कळते. तळावर ध्वनी सोडून परतलेल्या ध्वनीच्या कंप्रतेतील फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग मोजता येतो. वेग व दिशा यांची सतत बेरीज करून स्थान मिळते; पण प्रत्येक बारीक चूकही या बेरजेत साठत जाते. दिशेत केवळ एका अंशाची चूक असेल, तर ५०० मी. अंतर गेल्यावर यंत्र सु. ९ मी. बाजूला गेलेले असते. विविध संवेदकांच्या मापनांना त्यांच्या विश्वासार्हतेनुसार कमीअधिक महत्त्व देऊन सर्वांत संभाव्य स्थान काढण्याची पद्धत आर्. ई. काल्मन यांनी १९६० मध्ये मांडली. तिची निरनिराळी रूपे आजही वापरली जातात.

सदृशीकरणाच्या पद्धती : सदृशीकरण दोन प्रकारचे असते. पहिले भौतिक, म्हणजे लहान प्रमाणातील प्रतिकृती प्रत्यक्ष पाण्यात चालवून पाहणे. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा या संस्थेचा आरंभ १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचन संशोधनातून झाला. येथे धरणे, सांडवे व बंदरे यांच्या प्रतिकृतींवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. अशा प्रतिकृतींत विल्यम फ्रूड यांचा नियम पाळतात. त्यानुसार लांबी शंभरपट लहान केल्यास वेग दहापट कमी ठेवावा लागतो.

दुसरा प्रकार संगणकीय होय. यंत्रमानवांच्या क्षेत्रात विनामूल्य उपलब्ध असलेल्या दोन साधनांनी या प्रकारास मोठी चालना दिली आणि दोन्हींच्या उगमाशी विद्यार्थी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘गझीबो’ ही सदृशीकरण प्रणाली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात २००२ मध्ये अँड्रू हॉवर्ड व त्यांचे विद्यार्थी नेट कोनिग यांनी सुरू केली. यंत्रमानवाच्या निरनिराळ्या भागांच्या आज्ञावली एकमेकींशी जोडणाऱ्या ‘रॉस’ या प्रणालीचा पाया स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक बर्गर व कीनन वायरोबेक या पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यांनी घातला. गझीबो मुख्यतः जमिनीवरील यंत्रांसाठी असल्याने तीत उत्प्लावन, आनुषंगिक वस्तुमान, पंखे व सोनार यांची भर घालणारा जलांतर्गत विभाग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या साधनांमुळे साधा संगणक जवळ असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यासही प्रत्यक्ष यंत्र हाती नसताना नियंत्रणाचे प्रयोग करता येऊ लागले.

संशोधनाचा क्रम सामान्यतः असा असतो : यंत्राचे माप, वजन व आकार यांवरून प्रतिरूप तयार करणे, ओढ व आनुषंगिक वस्तुमान यांचे गुणांक हौदातील प्रयोगांवरून ठरविणे, संवेदकांच्या मापनांत मुद्दाम चुका मिसळून नियंत्रणाची आज्ञावली पारखणे, तीच आज्ञावली यंत्रात बसविलेल्या खऱ्या संगणकावर चालवून फक्त पाणी तेवढे कल्पित ठेवणे, आणि अखेरीस खऱ्या पाण्यात उतरणे. प्रत्येक टप्प्यावर कल्पित व प्रत्यक्ष मार्ग यांची तुलना करून प्रतिरूपात दुरुस्ती करतात.

सदृशीकरणात यशस्वी ठरलेले यंत्र पाण्यात अपयशी ठरण्याचे प्रसंग वारंवार येतात, कारण प्रतिरूपात जे घातलेले नसते ते त्यात कधीच उद्‌भवत नाही. संगणकातील पाणी स्वच्छ, भिंत गुळगुळीत आणि तळ कठीण असेल, तर शेवाळ, तरंगता पालापाचोळा, मऊ गाळ व मासेमारीची तुटलेली जाळी यांस यंत्र कसे तोंड देईल हे कळत नाही. ध्वनीचा वेगही तापमान व क्षारता यांवर अवलंबून असतो. खाऱ्या पाण्यातील १,५२० मी. हा वेग गृहीत धरून प्रत्यक्षात १,४८० मी. वेग असलेल्या गोड्या पाण्यात अंतर मोजल्यास ५० मीटरांत सु. १·३ मीटरांची चूक होते. म्हणून सदृशीकरणाचा निष्कर्ष ज्या मर्यादेत पडताळला गेला असेल त्याच मर्यादेत ग्राह्य धरावा, हा या विषयातील मूलभूत नियम होय.

धरणांची तपासणी : धरणाचा जलाशयाकडील पृष्ठभाग वर्षातील बराच काळ पाण्याखाली असतो. गळती खालच्या अंगास दिसते, तर तिचे तोंड वरच्या अंगास पाण्यात असते. जुन्या दगडी धरणांत दगडांमधील दरजांतील चुना पाण्याबरोबर हळूहळू झिरपून जातो व पोकळ्या निर्माण होतात. अशा धरणांत तोंड शोधणे हेच दुरुस्तीचे पहिले पाऊल असते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील भंडारदरा धरण या दृष्टीने बोधप्रद आहे. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले हे दगडी धरण विल्सन धरण या नावानेही ओळखले जाते. त्याची उंची सु. ८२ मी., लांबी सु. ५०७ मी. व जलाशयाची क्षमता सु. ११ अब्ज घनफूट आहे. १९६९ मध्ये या धरणात तडे व मोठी गळती आढळून आली. पुढे खालच्या अंगास टेकू-भिंती बांधून व पोलादी ताणतारांचा वापर करून त्याचे मजबुतीकरण करण्यात आले. तत्पूर्वी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुणे शहरात हाहाकार उडाला होता आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणास तडे गेले होते. एका दशकातील या तीन घटनांमुळे धरणांच्या सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आला. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरण आहे. त्यापुढे अकोले व संगमनेर ही गावे व प्रवरेच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस आणि साखर कारखान्यांचा प्रदेश थेट गोदावरीच्या संगमापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे तेथील भिंतीतील भेगेचा प्रश्न केवळ बांधकामशास्त्रापुरता राहत नाही.

अशा धरणावर यंत्रमानव उतरवायचा झाल्यास वर सांगितलेल्या सर्व अडचणी एकदम उभ्या राहतात. पूर्ण भरलेल्या जलाशयाच्या तळाजवळचा दाब पाणबुड्याच्या मर्यादेपलीकडचा असतो. भिंतीलगत तिच्या संपूर्ण लांबीभर सरकताना दिशेतील एका अंशाच्या चुकीने यंत्र एकतर भिंतीवर आदळेल किंवा इतके दूर जाईल की, भेग दिसणारच नाही. म्हणून दिशेवर विसंबून न राहता भिंतीपासूनचे अंतर सोनारने सतत मोजून ते एक-दीड मीटर कायम ठेवावे लागते. भेगेची रुंदी मोजण्यासाठी ठराविक अंतरावर बसविलेले दोन समांतर लेसर किरण भिंतीवर पाडतात. चित्रातील या दोन ठिपक्यांमधील अंतर हीच मोजपट्टी होय. उघड्या विमोचकाच्या मुखाजवळ पाण्याचा ओढा यंत्राला खेचून नेऊ शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी दारे बंद ठेवणे आवश्यक असते. मुखाभोवतीच्या प्रवाहाचे सदृशीकरण करून सुरक्षित अंतर अगोदर ठरविता येते.

ऋतुमानाचाही विचार करावा लागतो. धरण भरलेले असते व भिंतीवरील दाब सर्वाधिक असतो तेव्हा, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, पाणी गढूळ असते. उन्हाळ्यात पाणी निवळते, पण पातळी खाली गेल्याने भेगा मिटलेल्या असू शकतात व गळती थांबलेली असते. हिवाळ्याच्या आरंभी पाणी बरेच निवळलेले व पातळीही टिकून असते. त्यामुळे चित्रे घेण्यास हा काळ सोयीचा ठरतो.

मातीच्या धरणांची गोष्ट निराळी आहे. याच जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात मुळा नदीवर सु. २६ अब्ज घनफूट क्षमतेचे मातीचे धरण आहे. मातीच्या धरणाचे वरचे अंग दगडी अस्तराने झाकलेले असल्याने कॅमेऱ्यास आतील झीज दिसत नाही. तेथे यंत्रमानवाचा उपयोग विमोचकाचा मनोरा, दरवाजे, त्यांपुढील जाळ्या आणि तळावर साचलेला गाळ पाहण्यापुरता मर्यादित राहतो. गाळाचे मापन मात्र सोनारने उत्तम होते व त्यावरून जलाशयाची उरलेली क्षमता काढता येते.

भारतात केबलयुक्त यंत्रांनी धरणे, पूल व बंदरे यांची तपासणी करण्याचा व्यवसायही उभा राहिला आहे. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून २०१५ मध्ये उदयास आलेली ‘प्लॅनिस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी त्याचे उदाहरण होय. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने धरणाच्या मालकावर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे पाण्याखालील तपासणीची गरज वाढत जाणार, हे उघड आहे.

मर्यादा : यंत्रमानव भिंतीचा पृष्ठभाग दाखवितो, भिंतीच्या अंतर्भागातील ताण वा पोकळी दाखवीत नाही. त्याने टिपलेल्या चित्राचा अर्थ लावण्यास धरणाचा इतिहास, गळतीच्या नोंदी, पाण्यात रंग सोडून घेतलेल्या चाचण्या व अनुभवी अभियंत्याचे निरीक्षण यांची जोड लागते. तसेच चित्रात भेग न दिसणे म्हणजे भेग नसणे नव्हे. शेवाळाखाली ती झाकली गेलेली असू शकते. म्हणून तपासणीच्या अहवालात भिंतीचा कोणता भाग पाहिला, कोणता पाहता आला नाही व त्या वेळी दृश्यता किती होती, यांची नोंद करणे आवश्यक असते. पुढील वर्षी तेच ठिकाण पुन्हा अचूक गाठून भेग वाढली की नाही हे सांगता येणे, हा जलांतर्गत स्थाननिश्चितीवरील संशोधनाचा धरणांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा उपयोग होय.